दोन्हीकडं बघायचं नाही

सिडनी,
17 डिसेंबर 2024

तीर्थरूप अण्णांस,


पत्र लिहायचं कारण असं की हे फोनवर सांगता येत नाही. तुमचा फोन आला की आई माझ्या शेजारी येऊन बसते आणि तुम्ही ‘काय चाललंय?’ विचारलंत की मी तोंड उघडायच्या आत ‘काय नाही, बरं आहे’ म्हणून मोकळी होते. पण रविवारी काय झालं ते तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं. गावी परतल्यावर ती तिच्या पद्धतीनं सांगेल, आणि त्यात पाण्यात पडलेला माणूस मी असेन.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दत्तजयंतीला ती कडगंचीत नव्हती. तुरीची काढणी म्हणून तुम्ही आला नाहीत, तिला एकटीला पाठवलंत, त्याचं तिच्या मनात आहेच. शनिवारी तिनं आमच्या वेस्टमीडच्या दोन खोल्यांत स्टुलावर पाळणा बांधून जन्म केला. धाकटीनं सुंठवडा चाखला आणि तो तिखट आहे म्हणून तक्रार केली. रविवारी पहाटे आई अंघोळ करून, कुंकू लावून स्वयंपाकघरात उभी. म्हणाली, “दत्तजयंतीला माणसानं पायी चालावं. इथं गाणगापूर नाही तर नाही. कुठंतरी चालायला ने.”

मला एकच वाट माहीत होती. बाँडाय ते कूजी, समुद्राच्या कड्याकड्यानं, सहा किलोमीटर.

“म्हणजे दोन कोस,” आई म्हणाली. “शेवटाला कुठलं देऊळ?”

“देऊळ नाही. समुद्र आहे.”

“आणि निघायचं कुठून?”

“समुद्रावरनंच.”

“मधी?”

“मधेही समुद्रच.”

दहावीच्या गणिताचे मार्क सांगितले होते तेव्हा तिनं मला असंच पाहिलं होतं. पण कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचा डबा आणि चार शेंगापोळ्या पिशवीत भरून झाल्या होत्या. पिशवी भरली की आई मागं फिरत नाही. (हॅरिस पार्कला ज्वारीचं पीठ मिळतं. ते कसं आहे याबद्दल ती तुम्हाला स्वतंत्र सांगणार आहे.)

सेंट्रलला गाडी बदलली, बाँडाय जंक्शनला 333 नंबरची बस घेतली, आणि उतरल्या उतरल्या माझ्या लक्षात आलं की मी एक मोठी गोष्ट विसरलो होतो. डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा. त्यात रविवार. वाळूवर हजारो माणसं, आणि त्या सगळ्यांच्या अंगावरचं कापड गोळा केलं असतं तरी आईचं एक झंपर निघालं नसतं. मी खालमानेनं तिच्याकडं पाहिलं. इरकल साडी, डोक्यावर पदर, पायात थोरल्याचे जुने बूट, अशी ती ताठ उभी. ओठ हलत होते.

“काय म्हणतेस?”

“सायंदेवाला महाराजांनी काय सांगितलं होतं?”

अण्णा, गुरुचरित्राचा एकेचाळिसावा अध्याय मी तुम्हाला सांगायला नको. संगमावर वादळपाऊस, महाराज म्हणतात गावातनं विस्तव घेऊन ये, पण वाटेत दोन्हीकडं बघू नकोस. आपल्या गावचा माणूस, नेमकं बघतो! आणि दोन्ही अंगांनी पाच-पाच फण्यांचे नाग. तुम्ही दर सप्ताहाला वाचता, बायकांनी पोथी वाचायची नाही म्हणून आई दाराआडून ऐकते, आणि ऐकून ऐकून तिला तुमच्यापेक्षा जास्त पाठ झालंय. तर तिनं तिथल्या तिथं नेम केला. दोन्हीकडं बघायचं नाही. डाव्या हाताला कडा आणि खाली समुद्र, उजव्या हाताला हिरवळीवर पालथी पडलेली माणसं, मधून आई, नजर पुढच्या माणसाच्या टाचेवर.

हा नेम वाट चढायच्या आतच मोडला. किनाऱ्याच्या टोकाला आइसबर्ग्ज नावाच्या मंडळाचा तलाव आहे, खडकाला लागून बांधलेला. मोठी लाट आली की भिंतीवरून आत कोसळते. मंडळ 1929 सालचं. सभासद राहायचं तर हिवाळ्यात दर चार रविवारांतले तीन रविवार त्या गार पाण्यात उतरायचं, असं पाच वर्षं. हंगामाच्या पहिल्या दिवशी पाण्यात बर्फाच्या लाद्या टाकतात. सूनबाईनं हे सांगितलं आणि आई थांबली. कठड्याला धरून चांगलं डोळे भरून पाहिलं.

“पाच वर्षांचं व्रत आहे म्हण की. उद्यापन काय करतात?”

“बीअर पीत असतील,” मी म्हणालो.

“तुझ्या तोंडाला काय धरबंध नाही,” असं म्हणून तिनं तलावाला हात जोडले.

मग म्हणाली, सायंदेवानं बघितलं त्याचं काय वाईट झालं? ते नाग महाराजांनीच त्याच्या राखणीला पाठवले होते. हा मुद्दा तुमच्या सप्ताहात कुणी काढल्याचं मला आठवत नाही. त्यानंतर ती मोकळेपणानं दोन्हीकडं बघत चालली. लाल-पिवळ्या टोप्या घातलेले जीवरक्षक दिसले. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं, बाहेर ओढ असते, असा इथला नियम. बाँडायचं जीवरक्षक मंडळ शंभर वर्षांहून जुनं आहे. 1938 च्या फेब्रुवारीत एका रविवारी इथल्या लाटांनी शेकडो माणसं ओढून नेली होती आणि या पोरांनी अडीचशेच्या आसपास लोक बाहेर काढले, पाच तेवढे गेले. आईला मात्र त्यांच्या नाकावरचं उन्हाचं पांढरं मलम पटलं. “विभूती लावून बसलेत. हेच राखण करणारे.”

वाट म्हणाल तर चांगली बांधलेली आहे, पायऱ्या मात्र फार. एका टोकावरनं उतरा, वाळू लागते, पुन्हा चढा. गुडघ्यांची तक्रार आई माझ्यापुढं करते. वाटेवर मीच मागं राहत होतो. कड्याचा खडक पिवळट, वाऱ्यानं कोरून जाळी झालेला. तिनं नखानं खरवडला तर वाळू हातात आली.

“ह्याचा पाटा होणार नाही.”

थोरला शाळेत भूगर्भ शिकतोय. त्यानं सांगितलं, आजी, तुमच्याकडचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, हा वीस कोटींहून जुना. आई दोन पावलं विचार करत चालली आणि म्हणाली, “वयानं थोरला, आतनं भुसभुशीत. मोठ्या भावजींसारखा.” हे तिचे शब्द, माझे नाहीत.

टॅमरामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, लहान किनारा आहे आणि पाणी दांडगं आहे. ब्राँटेला मोठी हिरवळ, झाडांची सावली. मी म्हणालो, इथं बसून जेवू. आई म्हणाली, इतक्यात कशाला, पुढं बसू. अण्णा, दिवसभराचं सगळं या एका वाक्यानं बिघडलं. धाकटीनं तेवढ्यात बटाट्याचे काप घेतले, त्यातले निम्मे समुद्रपक्ष्यानं नेले, आणि आम्ही निघालो.

ब्राँटेच्या पुढं वेव्हर्लीची दफनभूमी आहे. मला माहीत होतं, पण डोक्यात आलं नाही. कड्यावर, समुद्राकडं तोंड करून, पांढऱ्या संगमरवरी देवदूतांच्या रांगाच्या रांगा. 1877 पासूनची. इतकी देखणी जागा की जिवंत माणसाला या भागात असं घर घ्यायचं तर दोन जन्मांचं कर्ज होईल. थोरल्यानं माहिती दिली, इथं हेन्री लॉसन नावाचा कवी आहे, 1922 साली गेला, याचं चित्र दहा डॉलरच्या नोटेवर छापलं होतं.

“नोटेवर कवी? मग बक्कळ पैसा असंल.”

“नाही, कफल्लक होता. बायकोची पोटगी थकली म्हणून तुरुंगातही जाऊन आला.”

“जिवंतपणी नोट दिसली नाही, मेल्यावर नोटेवर बसवला,” आई म्हणाली, आणि मग एकदम थबकली. “बसवला म्हंजे? ही मसणवट आहे?”

मी सांगून पाहिलं की आपण आतून गेलोच नाही, ही लाकडी फळ्यांची वाट बाहेरून समुद्राच्या बाजूनं जाते. ती म्हणाली, वारा आतनंच आला ना? मी म्हणालो, वारा समुद्रावरून येतोय. तिनं पदराचं टोक वर धरलं. पदर समुद्राकडं उडत होता. विषय संपला.

आता अंघोळ झाल्याशिवाय ती अन्नाला शिवणार नव्हती. डब्यालाही नाही, आणि डबा तिच्याच खांद्यावर होता, त्यामुळं आम्हीही नाही. दीड वाजला होता. घरी जायला दीड तास. पोरं ‘आजी, सॉरी म्हण ना देवाला’ म्हणून मागं लागली.

क्लोव्हेलीला थोडी आशा वाटली. तिथं वाळू अगदी थोडी. अरुंद खाडीच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे ओटे आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आई खूश. “हा तर घाट आहे की!” पण घाटावर पुरुषांचीच पथारी, आणि शॉवर उघड्यावर. “चव्हाट्यावर न्हाऊ?” पुढं गॉर्डन्स बे. पालथ्या घातलेल्या होड्या, काचेसारखं पाणी, या सगळ्या वाटेवरची सगळ्यात सुंदर जागा असावी. शेंगाचटणीचा वास पिशवीतून येत असताना माणसाला सुंदर काही दिसत नाही.

कूजी आल्यावर सूनबाई बोलली. तिच्या ऑफिसातल्या एका बाईनं तिला सांगून ठेवलं होतं, कूजीच्या पलीकडं कड्याखाली फक्त बायकांचा तलाव आहे. मॅकआयव्हर्स लेडीज बाथ्स. खडकात बांधलेला, समुद्राच्या पाण्याचा, 1886 सालचा. त्याच्याही आधीपासून तिथं बायका पोहत होत्या. बायका आणि लहान मुलं, बाकी कुणाला आत मज्जाव. मागं एका पुरुषानं हा आपल्यावर अन्याय आहे म्हणून तक्रार केली होती, तर 1995 साली सरकारनं भेदभावाच्या कायद्यातून या तलावाला सूट देऊन टाकली.

आईची शेवटची अडचण शास्त्राची होती. समुद्राला एरवी शिवायचं नाही, पर्वकाळ लागतो. मग तिथं रस्त्यातच मोबाइलवर कॅलेंडर काढलं. पौर्णिमा तुमच्याकडं शनिवारी संध्याकाळी लागली. आम्ही साडेपाच तास पुढं, म्हणजे इथं शनिवारी रात्री. रविवार दिवसभर पौर्णिमा. आईनं दोनदा बोटांवर मोजलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. “ह्याला हात लावशील तर बघ.”

फाटकातून आई, सूनबाई आणि धाकटी आत गेल्या. थोरला पंधराचा, त्यामुळं तोही माझ्याबरोबर बाहेर, आयुष्यात पहिल्यांदा पुरुष ठरला म्हणून जरा खूश आणि भुकेला. आत फोटो काढायला बंदी आहे, तेव्हा पुरावा काही नाही. कड्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. ऐकू येतं. लाटा, बायकांचा गलका, मग एकदा स्पष्ट, मोठ्यानं, आईच्या आवाजात, “यप्पाऽऽ!”

मी उठून उभा राहिलो. फाटकावरच्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी बसलो.

मग हसणं सुरू झालं. आधी धाकटीचं, मग सूनबाईचं, मग आणखी कुणाकुणाचं, आणि त्यात एक हसणं असं की ते कुणाचं हे ओळखायला मला वेळ लागला. एकदा ‘साकु, साकु’ ऐकू आलं, पण ती कुणाला पुरे म्हणत होती, लाटेला की माणसाला, कळलं नाही. वीस मिनिटं लागतील म्हणाली होती. एक तास दहा मिनिटं झाली. थोरल्यानं दोन शेंगापोळ्या खाल्ल्या. एक मी खाल्ली, हे आईला सांगू नका.

बाहेर आल्या तेव्हा आईच्या अंगावर सूनबाईचा पंजाबी ड्रेस होता. हो, आईच्या. इरकल पिळून खांद्यावर टाकलेली, केस मोकळे, नाकाला पांढरं मलम. मागून दोन गोऱ्या म्हाताऱ्या तिला हात हलवून निरोप देत होत्या आणि आई त्यांना कन्नडमध्ये काहीतरी सांगत होती. गवतावर बसून तिनं तीन कडक भाकऱ्या खाल्ल्या. शेंगापोळी एकच का उरली हेही विचारलं नाही, तेव्हाच मला कळलं की आत काहीतरी मोठं घडलंय.

सूनबाईला विचारलं, ती म्हणाली मला काही माहीत नाही. धाकटीला चॉकलेट दाखवलं. तिनं चॉकलेट घेतलं आणि म्हणाली, आजीनं दत्ताची शपथ घातलीय. शेवटी बसमध्ये आईलाच विचारलं, पोहलीस का? कुठवर उतरलीस? अण्णांना काय सांगू?

ती खिडकीबाहेर, दोन्हीकडं, बघत म्हणाली, “त्यांना सांग, दाराआडून ऐका.”

मोठ्या काकांना नमस्कार सांगा, दगडाचं सांगू नका. तुरीची रास झाली की कळवा.

आपला,
धाकटा

ता. क. 30 तारखेला सोमवती अमावास्या आहे, पर्वकाळ, तेव्हा आई पुन्हा जायचं म्हणते. मी म्हणालो, कूजीपर्यंत थेट बसनं जाऊ, गुडघ्यांना त्रास नको. तर म्हणाली, “मसणवटीवरनंच जायचं. नाहीतर अंघोळीला कारण काय सांगू?”