पिंग वाढता!

सध्या दोडामार्गातल्या तरुणांत दोन पक्ष आहेत आणि नवल म्हणजे दोन्ही अजून फुटलेले नाहीत. एक वायरवाल्यांचा, दुसरा वायफायवाल्यांचा. वाद एवढाच, की बीजीएमआय हा मोबाईलवरचा लढाईचा खेळ खेळताना गडी शत्रूच्या गोळीनं मेला की लॅगनं.

विज्ञान वायरवाल्यांच्या बाजूचं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. इथून मुंबई पाचशे किलोमीटर धरली, तर निरोप जाऊन परत यायला पाच मिलिसेकंद. या जाण्यायेण्याच्या वेळेलाच पिंग म्हणतात. मग स्क्रीनवर पिंग दोनशे कसा? कारण राउटर पडवीत, योद्धा माडीवर आणि मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण चिऱ्यापुढे नांगी टाकते. 2.4 वाली भिंत ओलांडते, पण तिथं शेजाऱ्याचा वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी जत्रा भरलेली. शिवाय वायफायवर एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प राहून पाळी बघायची. जी शिस्त ग्रामसभेत कधी दिसली नाही, ती नेमकी इथं! त्यात माजघरात मालिका लागलेली असते.

‘‘आजये, मोबाईल बंद कर गो! माझो पिंग वाढता!’’

‘‘वाढांदे रे झीला. वाढत्या वयात वाढताच.’’

यावर उपाय स्वस्त आहे. लॅनची केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. एवढं लांब घर तालुक्यात कुणाचं नाही. केबल ओढली की घरातला लॅग गेलाच. पण उंबऱ्याबाहेर तीच लाईन खांबाखांबांवरून रानातून येते. जुलैत तिच्यावर फणसाची फांदी बसते, एरवी वांदर बसतात, आणि दोघांतून वाचलीच तर रस्त्याच्या कामाला जेसीबी असतोच. मग कट्टर वायरवालाही गुपचूप हॉटस्पॉट लावतो. आपल्याकडे याला पक्षांतर म्हणतात.

हॉटस्पॉटला गोव्याच्या सीमेवरच्या गावांत रेंज मिळते ती पलीकडच्या टॉवरची. 1967 च्या कौलात गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला; दूरसंचार खात्यानं मात्र दोघांना एकाच सर्कलमध्ये नांदवलंय. ‘दोडामार्ग गोव्यात घाला’ म्हणणाऱ्यांनी निदान मोबाईलपुरते पेढे वाटायला हरकत नाही. शेवटी इथल्या तिलारी धरणाचं पाणी कालव्यातून तिकडे जातं, तेव्हा थोडी रेंज इकडे आली तर उपकार कसले? कालवा तसा पक्का वायरवालाच. तोही अधूनमधून फुटतो.

लॅग म्हणजे काय हे ज्येष्ठांना समजावणं मात्र इथं सोपं आहे. 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येतात. ‘हत्ती अमुक वाडीत’ हा निरोप मोबाईलवर उमटेपर्यंत हत्ती केळी संपवून माडाकडे वळलेला असतो. हत्तीचा पिंग शून्य. लॅग सगळा आपल्याकडे.

आता 2025 च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला खेळाचा मान दिला. म्हणजे उद्या तालुका स्पर्धा भरवायला हरकत नाही. उद्घाटक ठरतील, मंडप पडेल, हार येतील. खेळाडू तीस मीटर वायर मागतील आणि त्यांना चारशे मीटरच्या धावपट्टीचा प्रस्ताव दाखवला जाईल.