कंबर, गळा, डोकं आणि 'इतर'

गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, ते सरकार जाहीर करतं. आकडा अगदी नेमका असतो. पंचवटीतला माणूस तो मान डोलावून ऐकतो आणि लगेच शेजाऱ्याला विचारतो, "ते ठीक आहे, पण मारुतीला कुठवर आलंय?"

हा मारुती म्हणजे दुतोंड्या मारुती. रामकुंडाजवळ, गोदेच्या पात्रातच उभा. पाणी त्याच्या पायाशी आहे, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला की डोक्यावरून, यावर अख्खं शहर पुराची यत्ता ठरवतं. वर्तमानपत्राचा मथळाही मारुतीच्या कमरेवरच बेतलेला असतो. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना क्युसेक विचारून बघा. आभाळाकडे बघतील. मारुतीचं काय झालं होतं ते विचारा, मग जेवण थांबवून सांगतील आणि वर मोबाईलमधला फोटो दाखवतील.

माझा धंदा वेब अॅप्लिकेशनं बनवण्याचा. आमच्या धंद्यात अशा यादीला एनम म्हणतात. डेटाबेसच्या रकान्यात वाटेल ते लिहू द्यायचं नाही. आधी ठरवलेल्या चार-सहा मूल्यांपैकी एक निवडायचं आणि पुढे जायचं. पार्सल 'निघालं' किंवा 'पोचलं'. घर 'स्वतःचं' किंवा 'भाड्याचं'. 'बघू' आणि 'जवळजवळ' असं काही तिथे चालत नाही. म्हणजे ज्या दोन शब्दांवर आपला सगळा व्यवहार उभा आहे, तेच बाद.

माझे मामा पंचवटीत तीर्थोपाध्ये आहेत. यजमान दारात आला की त्याला गाव आणि आडनाव विचारायचं, माडीवरच्या गाठोड्यातून नेमकी वही काढायची आणि त्याच्या खापरपणजोबांची नोंद त्याच्यापुढे उघडून ठेवायची, हे त्यांचं काम. या वह्यांना नामावळी म्हणतात. जुनी पानं मोडीत, मधली बाळबोध, अलीकडची बॉलपेनने लिहिलेली. खापरपणजोबांचं नाव बघून यजमानाचे डोळे भरून येतात. दक्षिणेचा विषय त्यानंतर काढायचा असतो.

३१ ऑक्टोबर २०२६ ला कुंभमेळ्याचं ध्वजारोहण, २०२७ मध्ये मोठी स्नानं. त्या गर्दीत वह्या कोण उलटत बसणार? मामांनी फर्मान काढलं, "हे सगळं मोबाईलवर आण." पैशांचं काय, हे मी विचारलं नाही. मामांना पैशांचं विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

पहिला रकाना पुराचा होता. रामकुंड पाण्याखाली गेलं की विधी कुठे होणार, ते यजमानाला तो गावाहून निघण्याआधी कळायला हवं. माझ्याबरोबर काम करणारा मित्र बंगळुरूचा. त्याने घटकाभरात चार मूल्यं पाठवली: लो, मीडियम, हाय, क्रिटिकल. जगातल्या कुठल्याही संकटाला लागू पडतील अशी.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "मीडियमला काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? मध्यम पूर."

"ते कळलं रे. माणसाने काय करायचं?"

मी गप्प. मग मामांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पाणी पायाशी, तर चपला जरा वर काढायच्या. गुडघ्याला, तर पूजेचं सामान उचलायचं. कमरेला, तर टपऱ्या हलवायच्या आणि यजमानाला फोन करून सांगायचं की आज येऊ नका. छातीला, तर खालच्या खोलीतल्या वह्या माडीवर. गळ्याला, तर पलीकडच्या भांडीबाजारातल्या व्याह्यांना विचारायचं की माणसं पाठवू का. आणि डोक्यावरून गेलं, तर नारोशंकराच्या घंटेकडे बघत बसायचं. नारोशंकराचं देऊळ १७४७ सालचं; पाणी त्या घंटेला लागलं की शहराचं काही खरं नाही, असं इथली म्हातारी माणसं सांगत आली आहेत.

सहा मूल्यं, सहा वेगवेगळी कामं. मित्राच्या यादीत चार मूल्यं होती आणि काम एकच: घाबरायचं, कमी किंवा जास्त.

त्या दिवशी मला एक कसोटी मिळाली. एखादं मूल्य यादीत घ्यायचं की नाही, हे ठरवताना एवढंच बघायचं: हे निवडलं तर कोणाच्या हातापायांची हालचाल बदलते का? बदलत नसेल, तर ती यादी फक्त फॉर्म भरून घेणाऱ्याच्या समाधानासाठी आहे.

मारुतीची यादी मी रेल्समध्ये, म्हणजे वेब अॅप्लिकेशनं बनवायच्या आमच्या चौकटीत, लिहायला घेतली. रेल्सला ही सोय ४.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. मूल्यांची नावं ओळीने लिहिली की डेटाबेसमध्ये नावांऐवजी आकडे साठतात: पाय ०, गुडघे १, कंबर २, छाती ३, गळा ४, डोकं ५. संगणक शून्यापासून मोजतो, हे मामांना पटलं नाही. "सीतागुंफेजवळच्या वडांवर पाट्या बघ," ते म्हणाले. "एकपासून पाचपर्यंत. शून्याचा वड आहे का कुठे?"

सगळं ठरल्यावर मामा म्हणाले, "पाय आणि गुडघे यांच्यामध्ये पोटऱ्या टाक. पोटरीला पाणी आलं की गुरुजी धोतर खोचतात."

कसोटीला उतरलं. धोतर खोचणं ही हालचालच. पण ओळीच्या मध्ये नाव घुसवलं की पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात. पोटऱ्या १, गुडघे २, असं करत गळा ५ होतो. डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी मात्र सरकत नाहीत. पूर्वी ज्या पुरापुढे ५ लिहिलं होतं, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं, तो पूर आता गळ्यापर्यंतच आलेला दिसणार. नाशिकच्या इतिहासातलं एवढं पाणी, जायकवाडीला एक थेंबही न सोडता, एका रात्रीत ओसरणार. मराठवाड्यातल्या लोकांना हे कळलं तर मोर्चा थेट माझ्या घरावर.

यावर उपाय साधा आहे. आकडे ओळीवर सोपवायचे नाहीत, आपणच लिहून द्यायचे, आणि मध्ये जागा ठेवायची: पाय १०, गुडघे २०, कंबर ३०. पोटऱ्यांना १५ मिळतात आणि बाकी कोणी जागचं हलत नाही. ही युक्ती मी मामांना जरा ऐटीत सांगितली. त्यांनी शेजारची वही उघडली. प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीखाली अर्धं पान कोरं होतं. "पुढची पिढी कुठे लिहिणार?" एवढंच विचारून त्यांनी वही मिटली.

दुसरा रकाना नात्याचा. विधी करणारा माणूस गेलेल्याचा कोण? तयार मिळणाऱ्या फॉर्ममधली यादी परदेशी होती: आई-वडील, जोडीदार, अपत्य, भावंड, इतर. मामांनी यादी वाचली आणि बराच वेळ 'इतर'कडे बघत राहिले.

"हा इतर कोण?"

"जो वरच्यांपैकी कोणी नाही तो."

"असा माणूस नसतो रे. प्रत्येक जण कोणाचा तरी कोण असतोच."

चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ या चौघांना इंग्रजी फॉर्म एकाच रकान्यात कोंबतो. तिकडे त्याने काही बिघडत नाही, कारण चौघांनाही नाताळात एकसारखंच कार्ड जातं. इथे सुतकाचे दिवस बदलतात. चुलतभाऊ सपिंडातला, त्याचे दहा दिवस. मावस, आते आणि मामेभाऊ वेगळ्या गोत्रातले, त्यांचा हिशेब दीड दिवसात आटोपतो. हा सगळा खल अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधूत करून ठेवला आहे, आणि मामांना तो तोंडपाठ आहे.

"आता मामाचंच बघ," मामा म्हणाले. "मामा गेला तर भाच्याला दीड दिवस. पण मामा उपकार करणारा असला, तर तीन दिवस."

"म्हणजे दोन मूल्यं? मामा आणि उपकारक मामा?"

"हो. तुझ्या यादीत मी कुठल्यात बसतो, ते सावकाश ठरव. घाई नाही."

नात्यांची यादी वाढत वाढत एवढी लांबली की मोबाईलवर ती सरकवताना अंगठा दुखायला लागला. व्याही, विहीण, साडू, जाऊ, मानलेला भाऊ. बंगळुरूच्या मित्राने विचारलं, ही यादी आहे की लग्नाचं आमंत्रण? 'इतर' मात्र मामांनी काढायला लावलंच. त्यांचं बरोबर होतं. मामेबहिणीला जुन्या नोंदी भरायला बसवलं होतं आणि 'इतर' असेपर्यंत तिचा वेग थक्क करणारा होता. गावच्या गाव तिने इतर करून टाकलं होतं.

तिसरा घोळ देवळांचा. यजमानांना दर्शनाची यादी द्यायची, प्रत्येक देवळापुढे थोडी माहिती. शंकराच्या देवळाला 'नंदी' असा रकाना ठेवला आणि तो भरणं सक्तीचं केलं. पहिलंच देऊळ कपालेश्वर. रामकुंडासमोरचं हे देऊळ नंदी नसलेलं म्हणूनच प्रसिद्ध आहे. शंकराने इथे नंदीला गुरू मानलं, आणि गुरूला समोर बसवून कसं ठेवायचं, म्हणून तो नाही, अशी कथा. अॅप्लिकेशन म्हणालं, रकाना रिकामा ठेवता येणार नाही. रिकामा ठेवू दिला, तर नंदीची माहिती कोणी भरलीच नाही, असा त्याचा अर्थ होतो. पण आम्हाला माहिती आहे, पक्की आहे. नंदी नाही, आणि नाही याला कारण आहे. कसोटी लावली. शिंगांतून दर्शन घ्यायला नंदी शोधत लोक देवळात गरगर फिरतात, त्यांची पायपीट वाचते. म्हणून तीन मूल्यं झाली: 'आहे', 'माहीत नाही' आणि 'नाही, शोधू नका'.

स्नानाच्या यादीत 'शाही स्नान' लिहिलं होतं, ते आता 'अमृत स्नान' झालं आहे. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात एनमच्या मूल्याचं नाव बदलायची सोय दहाव्या आवृत्तीत, २०१७ साली आली. एका ओळीचं काम. यादीत नवं मूल्य घालणं त्याआधीपासूनच सोपं आहे. एकदा घातलेलं मूल्य काढून टाकायची आज्ञा मात्र पोस्टग्रेसमध्ये नाही. हे ऐकून मामा प्रथमच संगणकावर खूश झाले. "आमच्याकडेही तसंच," म्हणाले. "घाटावर नवीन देव बसवायला वेळ लागत नाही. बसलेला कोण उठवणार?"

मग जातीचा रकाना आला. जुन्या वह्या गाव, आडनाव आणि जात अशा क्रमाने लावलेल्या, त्यामुळे तो आपोआप मॉडेलमध्ये येऊन बसला होता. या वेळी मामांचाच प्रश्न मी मामांना विचारला: हे निवडलं तर कोणी काय वेगळं करायचं?

काळाराम मंदिर मामांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. त्या काळी या रकान्यावरून एकच काम ठरत होतं: दार उघडायचं की लावून घ्यायचं. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्म सोडण्याची घोषणा केली.

मामा म्हणाले, "वही शोधायला लागते, एवढंच."

"गाव आणि आडनावावर सापडत नाही?"

"सापडते."

यादीतलं एक मूल्य काढायला पोस्टग्रेस नाही म्हणतं, पण अख्खा रकाना काढायला एक ओळ पुरते. तेवढा एकच रकाना आमच्या घरात वादाशिवाय मिटला.

शेवटी दक्षिणा. माझी यादी सरळ होती: 'बाकी', 'मिळाली', 'व्यवहार फसला'. मामांनी त्यात 'यथाशक्ती', 'गावाहून पाठवतो म्हणाले' आणि 'धान्यरूपाने' अशी भर घातली. प्रत्येक मूल्य कसोटीला उतरलं. 'यथाशक्ती'ला मोजायचं नाही. 'धान्यरूपाने'ला मामींना हाक मारायची. 'गावाहून पाठवतो म्हणाले' हे लिहून विसरून जायचं. पण विसरणं हेही काम आहे आणि मामांच्या मते सर्वांत अवघड.

सगळं सुरळीत चालू झालं तेव्हा मी धीर करून माझं बिल त्यांच्यापुढे ठेवलं. मामांनी ते दोनदा वाचलं. मग मोबाईल काढला, माझं गाव आणि आडनाव टाकून मला शोधलं, नातं 'भाचा' निवडलं, पैशांच्या रकान्यावर आले आणि थांबले.

"इथे एक पर्याय कमी आहे. 'पुढच्या कुंभाला'. तेवढा घाल."

"मामा, कसोटी तुमचीच आहे. हा पर्याय निवडला तर कोणी काय वेगळं करायचं?"

"तू," मामा म्हणाले, "बारा वर्षं विचारायचं नाही."