कधी बंद पडते?

बुलढाणा जिल्ह्यात जुनी गाडी घेणाऱ्याने आधी भूगोल वाचावा. कागदावर जिल्हा एक असला तरी इथला माणूस स्वतःला घाटावरचा नाहीतर घाटाखालचा म्हणवतो. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बाजूला. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या सपाटीत. वर जानेवारीच्या पहाटे सेल्फ मारताना बोटे आखडतात, खाली मे महिन्यात बॉनेटला लावलेला हात भाजतो. मध्ये राजूरचा आणि बोथ्याचा घाट. नवी गाडी हे सगळे मुकाट सोसते. जुन्या गाडीचे घाटावर एक दुखणे, घाटाखाली दुसरे आणि घाटात तिसरे.

माझी मारुती ८०० सेकंड हँड आहे. विकणारा म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे, गुरुजी." जुन्या गाड्यांच्या बाजारातली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते. बाजारात इतके डॉक्टर असताना सरकारी दवाखान्यांत जागा रिकाम्या का राहतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये मालकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. माझी या मधल्या काळातली, कार्बोरेटरवाली. इंजिन ७९६ सीसीचे, सिलिंडर तीन. तीन हा आकडा लक्षात ठेवावा. चार सिलिंडरच्या गाडीत एकाने दांडी मारली तरी तिघे कसेबसे ओढून नेतात. इथे एकाने दांडी मारली की एक तृतीयांश कारभार बंद.

आमच्याकडे या दुखण्याला 'मिसिंग' म्हणतात. गाडी मिसिंग मारते, झटके खाते, पिकअप घेत नाही आणि सिग्नलला किंवा गतिरोधकावर हळू झाली की बंद पडते. तिने एवढे केले की सल्ल्यांना तोटा राहत नाही. पानटपरीवाला म्हणतो प्लग बदला. शेजारचे निवृत्त तलाठी म्हणतात कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. मेव्हणा म्हणतो गाडीच विका. आमच्या जिल्ह्याला भाकिताची सवय जुनी आहे. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. अठरा प्रकारची धान्ये गोल मांडायची, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवायची, त्यावर घागर, वर पापड-करंजी. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही आणि पहाटे काय हलले ते बघून वर्षाचे पाऊसपाणी सांगायचे. बॉनेट उघडून भोवती जमणारी मंडळीही अशीच बोलतात. फरक इतकाच, की भेंडवळला रात्र जाऊ देतात, काय हलले ते बघतात आणि मग बोलतात.

चिखलीच्या आमच्या मिस्त्रींची रीत मात्र वेगळी. मी गाडीचे सगळे पुराण सांगितले. त्यांनी पान्हा पुसत ते ऐकले आणि म्हणाले, "काय होते ते राहू द्या, गुरुजी. कधी होते ते सांगा." थंड असताना की गरम झाल्यावर? सपाटीला की चढाला? पाय काढल्यावर की दाबल्यावर? पावसात की उन्हात? टाकी भरलेली असताना की रिझर्व्हवर? उत्तरपत्रिका तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाला त्या दिवशी तोंडी परीक्षा द्यावी लागली.

या एका 'कधी'त सगळी विद्या आहे. पेट्रोलच्या इंजिनाला चालायला हवा-पेट्रोलचे मिश्रण, वेळेवरची ठिणगी आणि दाब लागतो. इंजिन नुसते उभ्या गाडीत मिनिटाला साडेआठशे फेऱ्या घेत असले तरी एका सिलिंडरमध्ये सेकंदाला सात ठिणग्या पडाव्या लागतात, तिघांत मिळून एकवीस. इतक्या वेळा न चुकता हजर राहणारा माणूस मी कोणत्याही खात्यात पाहिलेला नाही. म्हणून गाडी मिसिंग मारते तेव्हा तिच्यावर रागावण्याआधी, एरवी ती मारत नाही याचे नवल वाटायला हवे.

चुकार कोण, हे शोधण्याची रीत तर फारच मजेची. इंजिन चालू ठेवायचे आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. पहिली काढली, इंजिन लडखडले. म्हणजे तो कामाचा. लावली परत. दुसरी काढली, इंजिन पुन्हा लडखडले. तिसरी काढली आणि आवाजात काडीचा फरक पडला नाही, सापडला! ज्याच्या जाण्याने काही बिघडत नाही, तोच आधीपासून काम करत नव्हता. ही परीक्षा फक्त इंजिनांना लावतात, हे आपल्यातल्या पुष्कळांचे भाग्य. (वायर अशी काढताना जोरदार झटका बसतो, हे काम मिस्त्रींनाच करू द्यावे.) मग त्या सिलिंडरचा प्लग काढून त्याचा रंग बघायचा. फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढराफटक असेल तर कमी जाते आहे. तेलाने ओला असेल तर मात्र मिस्त्री बोलत नाहीत, चहा मागवतात. तो चहा महागात पडतो, कारण इंजिन खोलावे लागते.

आता घाट. खामगावहून बुलढाण्याला येताना बोथ्याचा चढ लागतो, आणि सपाटीला गुणी असलेली गाडी तिथे आचके देते. कारण बहुधा पेट्रोलचा फिल्टर. अर्धा तुंबलेला फिल्टर सपाटीपुरते पेट्रोल पुरवतो. चढाला इंजिन जास्त मागते तेव्हा त्याचे पितळ उघडे पडते. रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे अस्वले आहेत, बिबटे आहेत, त्यामुळे खाली उतरून बॉनेट उघडावे की आत बसून नामस्मरण करावे, असा प्रश्न पडतो. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून याच जंगलात पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे वनखात्याला त्याची वाट कळत गेली. घाटात उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या मालकाला त्या वाघाचा निव्वळ हेवा वाटतो.

घाटाखाली दुखणे वेगळे. शेगावला दर्शन झाले, कचोरी झाली, भर दुपारी गाडी निघाली आणि नांदुऱ्याच्या आधीच बंद पडली. अर्ध्या तासाने, जणू काही झालेच नव्हते अशी सुरू झाली. इथे संशयित दोन. इग्निशन कॉइल म्हातारी झाली की तापल्यावर आतली गुंडाळी दगा देते आणि गार झाल्यावर शहाण्यासारखी वागते. किंवा उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. दोघांची लक्षणे सारखी, म्हणून गाडी बंद असतानाच बघावे लागते: ठिणगी पडते का? पडत नसेल तर कॉइल. पडत असेल तर पंपावर ओले फडके टाका आणि लिंबाच्या सावलीत बसा.

पावसाळ्याचे दुखणे रात्री बघावे. वायरींचे जुने रबर तडकलेले असते, ओल धरते आणि करंट प्लगपर्यंत न जाता वाटेतच उडी मारतो. अंधारात बॉनेट उघडले तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. दिवसा हीच वायर अगदी सज्जन दिसते.

सगळ्यांत निरागस प्रकार शेजाऱ्यांच्या मोटारसायकलचा. ती काही अंतर गेली की बंद पडे. ते टाकीचे झाकण उघडून पेट्रोल आहे ना हे बघत, गाडी गदागदा हलवत, किक मारत, की सुरू. हलवल्याने गाडी सुरू होते, यावर त्यांची श्रद्धा बसली होती. खरे तर टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक वाट असते, ती बुजली होती. पेट्रोल खाली उतरेना, कारण त्याची जागा घ्यायला हवा येईना. झाकण उघडले की हवा आत जाई. उपचार रोज होत होता, निदान मात्र कोणी केले नव्हते.

नव्या गाड्यांत कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले, आणि गॅरेजमध्ये स्कॅनर आले. वायर जोडली की पडद्यावर पी ०३०१ उमटते, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. ०३०२ म्हणजे दुसऱ्यात. 'कुठे' याचे उत्तर यंत्र देते. 'का' याचे देत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, ते पुन्हा माणसानेच शोधायचे. मिस्त्री त्या सिलिंडरची कॉइल काढून शेजारच्या सिलिंडरवर लावतात आणि कोड पुन्हा बघतात. बिघाड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी, जागेवरच राहिला तर निर्दोष. पण हे एका वेळी एकच वस्तू बदलणाऱ्यालाच कळते. घाईने प्लग, वायरी, कॉइल, फिल्टर एकदम बदलले तर गाडी कदाचित सुरळीत होईल, पण काय बिघडले होते ते कधीच कळणार नाही, आणि काढून टाकलेल्यांत बरेच निरपराध असतील.

तेव्हा वाचकहो, जुनी गाडी जरूर घ्या. फक्त बघायला सकाळी जा आणि सेल्फ मारण्याआधी बॉनेटला हात लावा. गरम लागले तर समजा, तुमच्या आधी कोणीतरी ती सुरू करून तयार ठेवली आहे. विकणाऱ्याशी डॉक्टरांविषयी गप्पा मारत बसा, इंजिन पुरते गार होऊ द्या, मग स्वतः सेल्फ मारा. घेतल्यावर बिघडली, तर ती कधी बिघडते ते कागदावर लिहून मिस्त्रींकडे न्या. मिस्त्रींच्या दारात गाडी नेमकी मिसिंग मारत नाही. तिथे तो कागदच तुमच्या बाजूने साक्ष देईल.