नाल्याच्या निवडणुकीत पाकिस्तान

ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद बुडाले. १३ तारखेच्या रात्रीच्या पावसाने नाले फुगले, मुसी नदी पुलांवर चढली, वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, माणसे वाहून गेली. राज्य सरकारने घरटी दहा हजारांची मदत जाहीर केली आणि तिच्यासाठी रांगा लागल्या. त्यानंतर दीड महिन्यात, १ डिसेंबरला, महापालिकेची निवडणूक आली. हुसेनसागरच्या सांडव्याचा नाला नल्लाकुंटा, अंबरपेट असा वाहत मुसीला मिळतो. विद्यानगर-नल्लाकुंट्याच्या माणसाने उमेदवाराला विचारायचे ते एवढेच होते, की हा नाला मोकळा कधी होणार?

त्याला ऐकवले गेले भलतेच. तेलंगणा भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंडी संजय कुमार म्हणाले, आमचा महापौर येऊ द्या, जुन्या शहरावर सर्जिकल स्ट्राईक करू आणि रोहिंग्यांना, पाकिस्तान्यांना हाकलून लावू. हैदराबादचे खासदार असदुद्दीन ओवैसींनी उलट सवाल टाकला, की रोहिंग्या मतदार यादीत घुसले असतील तर देशाचे गृहमंत्री झोपले होते काय? त्यांचे बंधू अकबरुद्दीन म्हणाले, अतिक्रमणेच हटवायची तर हुसेनसागरच्या काठावरच्या नरसिंह राव आणि एन. टी. रामारावांच्या समाध्या हटवून दाखवा. मग ओवैसींच्या पक्षाचे मुख्यालय असलेले दारुस्सलाम पाडण्याची धमकी भाजपकडून आली. निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान केंद्राकडे पाठ फिरवली. भाजपच्या जागा चारवरून अठ्ठेचाळीसवर गेल्या.

महापौराच्या हातात गटारे, कचरा, पथदिवे असतात. शत्रूच्या हद्दीत जीव धोक्यात घालून सैनिकांनी केलेल्या कारवाईचे नाव आपल्याच शहराच्या एका भागावर रोखणे मला सैनिकाचा अपमान वाटतो, आणि जुन्या शहरात राहणाऱ्या लाखो भारतीयांचाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये काय घडले होते ते आठवा. १५ जूनच्या रात्री गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत कर्नल संतोष बाबू आणि त्यांचे जवान धारातीर्थी पडले. संतोष बाबू आपल्या तेलंगणातल्या सूर्यापेटचे. चार दिवसांनी पंतप्रधानांनी सर्वपक्षीय बैठक बोलावली. हैदराबादचे खासदार ज्या पक्षाचे अध्यक्ष आहेत त्या पक्षाला बोलावणे नव्हते. खासदारांची संख्या कमी, हे कारण. सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्र्यांनी दोन्ही सभागृहांत निवेदने केली, पण विरोधकांनी मागितलेली सविस्तर चर्चा झाली नाही. विषय नाजूक आहे, असे सांगण्यात आले. आणि नोव्हेंबरात सीमेचा तोच नाजूक विषय आमच्या चौकाचौकांत भोंग्यावर आला.

माझे भांडण या उलट्या व्यवहाराशी आहे. सीमेवर काय झाले हे जिथे विचारायचे, त्या संसदेत गुप्ततेचे कुलूप. आणि जिथे विचारायचे नाही, त्या प्रचारसभेत सगळे खुले.

९ एप्रिल २०१९ ला लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांना आवाहन केले, की आपले पहिले मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या हुतात्म्यांना समर्पित करा. सैन्याचा प्रचारासाठी वापर करू नका, असे निवडणूक आयोगाने महिनाभर आधीच पक्षांना बजावले होते. तरी आयोगाने या भाषणात आचारसंहितेचा भंग नाही असे ठरवले. अशोक लवासा या एका आयुक्तांचे मत वेगळे होते. औसा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानातले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांनी हे संस्थान मोकळे केले, तेव्हा नेहरूंच्या मंत्रिमंडळात काँग्रेसबाहेरचे डॉ. आंबेडकर होते आणि श्यामाप्रसाद मुखर्जीही होते. त्या कारवाईवर एकाच पक्षाचा शिक्का मारता येत नाही. आज १७ सप्टेंबरला मात्र हैदराबादेत प्रत्येक पक्ष आपापल्या नावाने दिवस साजरा करतो.

विरोधी बाकांवरही साधू बसलेले नाहीत. गलवाननंतरच्या बैठकीत तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव पंतप्रधानांच्या पाठीशी उभे राहिले. भाजपशी बिनसल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, तेच २०१६ च्या सर्जिकल स्ट्राईकचा पुरावा मागू लागले. साडेपाच वर्षे त्यांना पुराव्याची गरज पडली नव्हती. बांगलादेशाबरोबरचा सीमाकरार २०१३ मध्ये भाजपने राज्यसभेत अडवला आणि सत्तेत आल्यावर, मे २०१५ मध्ये, स्वतःच मंजूर करून घेतला. तेव्हा एकही मत विरोधात पडले नाही. त्या दोन वर्षांत ना सीमा हलली ना नकाशा. फक्त बाके बदलली, आणि तेवढा काळ छिटमहालातली, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांतली, माणसे कुठल्याच देशाची नसल्यासारखी जगत राहिली.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा. १९६२ मध्ये आपण चीनकडून का हरलो याचा लष्करानेच केलेला हा अभ्यास काँग्रेसने दशकानुदशके दाबून ठेवला. मार्च २०१४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, विरोधी पक्षनेते अरुण जेटलींनी लिहिले की असे दस्तऐवज कायमचे गुप्त ठेवणे योग्य नाही. जुलैमध्ये तेच जेटली संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेला सांगत होते की अहवाल खुला करणे देशहिताचे नाही. चार महिन्यांत देशाचे हित बदलले नव्हते, जेटलींची खुर्ची बदलली होती. ज्यांनी त्या युद्धात बाप गमावला ती मुले आज म्हातारी झाली आहेत. त्यांना अजून उत्तर नाही.

हे असेच चालायचे, असे म्हणणाऱ्यांना मी आमच्याच मातीतला माणूस दाखवतो. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. वरंगळकडचे, शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला राहिलेले, मराठी अस्खलित बोलणारे. १९८४ मध्ये भाजपला देशभरात दोनच जागा मिळाल्या. त्यातली एक हनमकोंड्याची, आणि तिथे हरलेले उमेदवार होते स्वतः नरसिंह राव. त्यांना लोकसभेत पाठवले विदर्भातल्या रामटेकने. ज्या पक्षाने घरच्या मैदानावर पाडले त्याच्याबद्दल मनात अढी ठेवायला त्यांना पुरेपूर कारण होते.

१९९४ च्या सुरुवातीला पाकिस्तानने जिनिव्हात मानवाधिकार आयोगापुढे काश्मीरचा ठराव आणला. राव पंतप्रधान होते. बाबरी पडून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, भाजप त्यांच्यावर तुटून पडत होता. रावांनी शिष्टमंडळाचे नेतृत्व दिले विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयींना. सोबत परराष्ट्र राज्यमंत्री सलमान खुर्शीद आणि फारूक अब्दुल्ला. आजारी परराष्ट्रमंत्री दिनेश सिंहांना तेहरानला धाडले. २२ फेब्रुवारीला संसदेने काश्मीरवर एकमताने ठराव केला. मार्चमध्ये पाकिस्तानला आपला ठराव मतदानाआधीच मागे घ्यावा लागला.

पुढची गोष्ट अणुबॉम्बची. डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली आणि रावांना थांबावे लागले. मे १९९६ मध्ये ते हरले, वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार आले. त्या वेळी रावांनी सामग्री तयार असल्याचे आपल्याला सांगितले होते, हे खुद्द वाजपेयींनी रावांच्या निधनानंतर उघड केले. अब्दुल कलामांनीही सांगितले आहे, की वाजपेयींना सगळी माहिती द्या असे रावांनी त्यांना बजावले होते. १९९८ मध्ये स्फोट झाले आणि श्रेय वाजपेयींना मिळाले. रावांनी हयातीत ते मागितले नाही. डिसेंबर २००४ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या पक्षाच्या दिल्लीतल्या मुख्यालयाचे दार त्यांच्या पार्थिवासाठी उघडले नाही. अंत्यसंस्कार इथे, हुसेनसागरच्या काठावर झाले. याच समाधीला पालिकेच्या प्रचारात ओढले गेले.

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, सरकारने सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी पाठवली. सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे त्यांतल्या दोघांचे नेते होते, ओवैसी आखाती देशांत जाऊन भारताची बाजू ठामपणे मांडत होते. पाऊल योग्य होते आणि त्याबद्दल सरकारला शाबासकी द्यायला हवी. पण काँग्रेसने दिलेल्या चार नावांपैकी तीन बाजूला ठेवून शशी थरूरांना नेते करण्याची चाल कशाला? जिनिव्हाचे अनुकरण करतानाही समोरच्या पक्षात पाचर मारण्याचा मोह आवरला नाही. आणि विरोधक विशेष अधिवेशन मागत असताना ते बोलावले नाही. तेहतीस परदेशी राजधान्यांना मे-जूनमध्ये जे सांगितले, त्यावर आपल्या लोकसभेत चर्चा सुरू झाली २८ जुलैला.

१९६२ मध्ये चिनी फौजा आत घुसलेल्या असताना तरुण वाजपेयींनी संसदेचे अधिवेशन लवकर बोलवा म्हणून मागणी केली होती. नेहरूंनी ते ८ नोव्हेंबरला बोलावले. बैठक गुप्त घ्या असेही सुचवले गेले, ते नेहरूंनी नाकारले. युद्ध चालू असताना दीडशेवर खासदार बोलले, त्यातल्या कित्येकांनी सरकारची सालटी काढली, आणि पंतप्रधान बसून ऐकत होते. आज हैदराबाद आणि सिकंदराबाद या दोन्ही जागांवरचे खासदार वेगवेगळ्या पक्षांचे आहेत. दोघांनी मिळून एक मागणी लेखी करावी : सीमेवर गोळी चालली की आठवड्याच्या आत सभागृह भरेल, असा नियम करा.