सायकोवाली

बारावीला चांगले टक्के पडूनही जी मुलगी हट्टानं आर्ट्सला जाते आणि एसवायला ‘सायको स्पेशल’ घेते, तिच्या घरच्यांना पहिला महिनाभर एकच चिंता असते : हिचं पुढे कसं व्हायचं? दुसऱ्या महिन्यापासून ती चिंता मागे पडते. आता आपल्यात काय निघणार, ही सुरू होते.

पूर्वी बाबा नुसते चिडायचे. आता त्यांची अमिग्डाला पेटते. मेंदूत खोलवर बसलेला हा बदामाएवढा ऐवज धोक्याची दखल घेतो, एवढं एव्हाना घरातल्या सगळ्यांना पाठ झालंय. बाबांचा आवाज चढला की ही शांतपणे वही काढते, आणि वही निघाली की चिडण्यातली सगळी मजाच जाते.

सकाळी सव्वासातच्या इंग्रजीच्या तासाला तिला उठवायला आई, गजर आणि गार पाणी, तिन्ही लागतात. मेंदूचा तास असेल त्या दिवशी मात्र बाई पहिल्या बाकावर. तिथून जे घेऊन येते ते जेवणाच्या टेबलावर ओतते. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली मीटरभर लांबीची, सहा किलोची पहार डोक्यातून कशी आरपार गेली, हे तिनं आमटी वाढताना सांगितलं. तो मेला नाही, बारा वर्षं जगला, पण सालस माणूस शिवराळ झाला म्हणतात. ‘‘म्हणजे स्वभाव कुठे असतो बघा!’’ असं म्हणत तिनं स्वतःच्या कपाळावर डावानं टिचकी मारली. भावानं आमटी नको म्हणून सांगितलं.

मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्केच, पण ऊर्जा खातो २० टक्के. हे कळल्यापासून दुसरी मिसळ मागवताना तिला कधी संकोच वाटलेला नाही. भाऊ म्हणाला, झोपलेल्या माणसाचा मेंदूही जवळपास तेवढंच खातो. त्यावर तिनं तोंडातला पाव संपेपर्यंत उत्तर दिलं नाही.

खरा कहर अपसामान्य मानसशास्त्राच्या पेपरानं केला. मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं की घरच्यांवर शिक्के मारत बसू नका. पहिला आठवडा तिनं ते पाळलं, कारण तो आठवडा स्वतःला काय काय झालंय हे शोधण्यातच गेला. मग मावशी आली. घराबाहेर पडताना गॅस दोनदा बघणाऱ्या मावशीला जिन्यातच ओसीडी होऊन गेला. मावशी भाबडी. तिला वाटलं, बँकेची काहीतरी नवी योजना असेल.

या मुलीचा सगळ्यांत मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे : प्रयुक्त मिळवणं. प्रॅक्टिकलसाठी समोर माणूस लागतो, आणि वर्गातल्या पोरींना प्रयोगाची मेख आधीच ठाऊक, म्हणून त्या तिला चालत नाहीत. मग सोसायटी कामाला येते. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापायचा आणि समोरच्यानं वाचायचं नाही, नुसता शाईचा रंग सांगायचा, हा स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग. तळमजल्यावरचे निवृत्त काका तिसऱ्याच शब्दाला अडखळले आणि त्यांनी चष्मा बदलून मागितला. दुसऱ्या चष्म्यानंही लाल ते लालच राहिलं. तेव्हापासून ते लिफ्टमध्ये कोण आहे हे बघून आत शिरतात.

आजी मात्र पळाली नाही. आजीच्या वाट्याला आरशातलं रेखाटन आलं. चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायची. हातावर पुठ्ठ्याचा आडोसा, दिसतं ते फक्त समोरच्या आरशात. पहिल्या फेरीत पेन्सिल एका कोपऱ्यात जी अडकली ती हलेचना. ‘‘हात माझा, आणि ऐकत नाही मेला!’’ म्हणून आजीनं त्याच हाताला चापट मारली. नात मोबाइलवर सेकंद मोजत होती आणि, कधी नव्हे ते, एक अक्षर बोलत नव्हती. ती इतका वेळ गप्प बसून दुसऱ्या माणसाकडे बघते ते फक्त प्रॅक्टिकलमध्येच. विद्यापीठानं प्रॅक्टिकलं वाढवावीत असं माझं मत आहे. दहाव्या फेरीला आजी रांगोळी काढावी तशी सरसर फिरून आली.

मग नातीनं तिला हेन्री मोलेसनची गोष्ट सांगितली. १९५३ मध्ये फिट्स थांबवायला त्याच्या मेंदूचा काही भाग काढला, हिप्पोकॅम्पसचा बराचसा त्यातच गेला आणि नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला हीच चांदणी काढायला लावली. आपण हे पूर्वी केलंय हे त्याला दर वेळी ठाऊकच नसे. हात मात्र दिवसेंदिवस सुधारत गेला.

‘‘माझ्या पोळ्यांसारखंच की,’’ आजी म्हणाली. ‘‘कधी शिकले ते आठवत नाही. गोल होतात.’’

नातीनं हे जर्नलमध्ये लिहिलं. मॅडमनी शेजारी लाल पेनानं ‘छान’ असा शेरा दिला.

या ज्ञानाचा घरकामाला उपयोग नसतो असं मात्र नाही. नियोजन करणारा, आवर घालणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो, हे तिला कळलं आणि त्या दिवसापासून न घासलेली भांडी, हरवलेली छत्री, तीनशेचं रिचार्ज, सगळं त्या बिचाऱ्या कॉर्टेक्सच्या नावावर जमा झालं. आई ऐकून घ्यायची.

परवा गोव्याच्या ट्रिपचा विषय निघाला. पाच मैत्रिणी, रात्रीची बस, तिथे भाड्यानं स्कूटर.

‘‘तुझं ते कपाळामागचं पंचविशीपर्यंत तयार होत नाही ना?’’ आईनं विचारलं.

‘‘हो, पण...’’

‘‘मग पंचविशीला जा.’’

‘‘आई, हे ओव्हरजनरलायझेशन आहे!’’

‘‘असेल. भेंडी चिर आधी.’’