आजचं वाचन

२०२४ च्या सप्टेंबरात आमच्या आळीतल्या एकाने हार्डवेअरचं दुकान काढलं. पितृपक्ष चालू होता, त्यामुळे गाळ्याचं डिपॉझिट घासाघीस करून बरंच खाली आलं. आपण ख्रिस्ती, आपल्याला कसला पितृपक्ष, असा त्याचा रोकडा हिशेब. सकाळची मिस्सा ऐकायची, फादरांना घेऊन गाळ्यावर जायचं, आशीर्वाद झाला की पेढे. मुहूर्ताची भानगडच नको. पण पंचांग चुकवता येतं, उपासनेचं कॅलेंडर नाही. उद्घाटनाच्या गुरुवारी पहिलं वाचन निघालं उपदेशकाच्या पुस्तकातलं. सगळं व्यर्थ आहे, माणूस जन्मभर राबतो त्यातून हाती काही लागत नाही, नद्या किती वाहिल्या तरी समुद्र भरत नाही आणि या जगात नवं म्हणून काही नाही. नवीन दुकानाचा मालक नवा शर्ट घालून पहिल्याच बाकावर बसला होता. वाचन संपलं की सगळ्यांनी देवाचे आभार मानायचे असतात. त्यानेही मानले, जरा हळू आवाजात. बाहेर आल्यावर म्हणाला, “नशीब, पाइपांबद्दल काही बोलला नाही.”

आमच्याकडे रोजच्या वाचनाची खोड हीच आहे, की ते आपण निवडत नाही. लग्नाला किंवा मयताला थोडीफार मोकळीक असते, एरवी एखाद्या साध्या मंगळवारी नेमलेलं असेल तेच. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: एक वर्ष मत्तयचं, एक मार्कचं, एक लूकचं. योहानाला स्वतःचं वर्ष नाही; त्याची वर्णी मुख्यतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात लागते. सामान्यकाळात आडवारी पहिलं वाचन सम सालाला वेगळं, विषम सालाला वेगळं. शुभवर्तमान मात्र दरसाल तेच. सामान्यकाळाचे नऊ आठवडे मार्क, दहाव्यापासून मत्तय, बाविसाव्यापासून लूक. हा आराखडा १९६९ चा. बायबलचं भांडार लोकांसाठी आणखी उघडा, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये सांगितलं, त्यातून तो झाला. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये चालायची आणि आमच्या आज्या बाकावर बसून जपमाळ ओढायच्या. जपमाळेला मराठी चालत होतं.

ज्यांनी ही यादी केली त्यांच्या डोळ्यांपुढे वसईचा पाऊस असणं शक्य नाही. तरी बघा. दहाव्या आठवड्याचा सोमवार येतो ६ ते १२ जूनच्या दरम्यान, म्हणजे मृग आणि डोंगरावरचं प्रवचन बहुतेक वर्षी हातात हात घालूनच येतात. शाळा उघडलेल्या, वह्या-पुस्तकांचे पैसे द्यायचेत, बियाणं आणायचंय, आणि पुढच्या आठवड्याच्या शनिवारी प्रभू येशू सांगतो की काय खाऊ, काय नेसू याची चिंता करू नका. आकाशातली पाखरं पेरत नाहीत की कापत नाहीत, तरी त्यांचं पोट भरतं. ज्याने नुकतंच भाताचं रोप टाकलंय असा एखादा काका त्यावर मान हलवतो. पाखरं पेरत नाहीत हे त्याला मान्यच आहे. ती पेरलेलं टिपून नेतात, त्यामुळेच त्यांचं पोट भरतं, एवढी पुरवणी तो मनातल्या मनात जोडतो.

मग येतो बाराव्या आठवड्याचा गुरुवार, जून संपता संपता. या दिवशी वाचायला वाळूवर बांधलेलं घर. पाऊस पडला, पूर आले, वारे सुटले, घर कोसळलं. चर्चच्या दाराशी छत्र्यांचा ढीग साचलेला असतो, त्यातून पाण्याची धार थेट पवित्र पाण्याच्या कुंडापर्यंत गेलेली. पुरुषांच्या पँटी घोट्याच्या वर दुमडलेल्या, बायकांच्या साडीचे काठ ओले, रस्त्यावर पाणी कुठपर्यंत आलं याची कुजबुज अजून थांबलेली नाही. अशात फादर पूर शब्द उच्चारतात आणि सगळं चर्च एकदम लक्ष देऊन ऐकू लागतं. मिठागरं बुजवून उभ्या राहिलेल्या इमारतींत ज्यांनी फ्लॅट घेतलेत, ते समोर बघतात. बाकीचे डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघतात. त्या दिवशी प्रवचन लांबलं तरी कोणी घड्याळ बघत नाही.

ऑगस्टमध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. सकाळपासून राबलेल्यांना जितकी मजुरी, तितकीच संध्याकाळी तासभर आलेल्यांना. देवाची कृपा अशी हिशेबापलीकडची असते, हे पटतं. पण ज्याला फुलांच्या वाडीवर रोज माणसं लावायची असतात त्याला हा दाखला दरवर्षी नव्याने बोचतो. मिस्सा सुटल्यावर गेटाशी वाद रंगतो. “दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कोण येणार होतं त्याच्याकडे?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की पुढचा अध्याय मत्तयने लिहायला हवा होता असं वाटू लागलंय.

हे जुळून येणं बघितलं की काहींना वाटतं, आजचं वाचन खास माझ्यासाठी धाडलंय. मला तसं वाटत नाही. तोच उतारा त्याच दिवशी मनिला, लागोस आणि क्राकूवलाही वाचला जातो. तिथे ना मृग, ना मिठागरं. माझा फोन मला पुरता ओळखतो. गुडघेदुखीचं तेल एकदा शोधलं तर महिनाभर तेलंच दाखवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पहाटे गुलाबाच्या फोटोवर चिकटवून येणारं आजचं वाचन ही त्या फोनमधली एकच वस्तू आहे, जिने माझी आवडनिवड विचारलेली नाही. म्हणून मला ते बरं वाटतं. गुलाब मात्र नसते तर चाललं असतं.

वाचणाऱ्यांचे हाल वेगळेच. पेंटेकॉस्टच्या रविवारी ज्याची पाळी लागते त्याला पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया अशी वाट तुडवायची असते. आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी नव्या मुलांना एकच गुरुमंत्र दिलाय: “ठासून वाचायचं. अडखळलास तरच लोकांना कळतं.” १७ डिसेंबरला मात्र गंमत उलटी होते. त्या दिवशीची मत्तयची वंशावळ शुभवर्तमानात येते, म्हणून ती फादरांनाच वाचावी लागते. अम्मीनादाब, नहशोन, शल्तीएल, जरुब्बाबेल. हीच वंशावळ ८ सप्टेंबरला, मोतमावलीच्या सणालाही येते, पण तेव्हा ती गाळून पुढचं वाचायची मुभा आहे. डिसेंबरात सुटका नाही. बाकांवरची माणसं मनात करंज्यांचं सारण आणि कंदिलाच्या वायरी घेऊन बसलेली असतात. चौदा-चौदा-चौदा पिढ्या, असा मत्तय शेवटी ताळा देतो. कोणी बोटांवर मोजलंच, तर शेवटच्या गटात नावं तेराच भरतात, आणि परंपरेप्रमाणे मत्तय जकातदार होता. मला त्या यादीतल्या बायका आवडतात: तामार, राहाब, रूथ, नाव न घेता नुसतीच उरीयाची बायको, आणि शेवटी मरिया. पहिल्या चौघींपैकी एकीचंही स्थळ आमच्याकडच्या कुठल्या आईने चौकशीशिवाय पुढे सरकू दिलं नसतं.

यादी करणाऱ्यांनीही चौकशी केलेली आहेच. शेजारच्या मावशींना त्याचा छडा लागलाय. संदर्भाच्या आकड्यांत जिथे स्वल्पविराम दिसतो तिथे काहीतरी गाळलेलं असतं, हे त्यांनी हेरलं. आता त्या चष्मा लावून जाड बायबल मांडीवर घेतात आणि आधी गाळलेलं वाचतात, नेमलेलं नंतर. स्तोत्रांतले शिव्याशाप बरेचसे गाळलेले आहेत, हे त्यांना तसं पसंत पडलं, “सकाळी सकाळी कशाला.” पण पुनरुत्थानकाळाच्या सातव्या रविवारसाठी, तीन वर्षांतून एकदा, प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायातला जो उतारा नेमलाय तो बघून त्यांनी मला हाक मारली. २२:१२-१४, १६-१७, २०. गाळलेल्या १८-१९ मध्ये ताकीद आहे: या पुस्तकातले शब्द जो कोणी काढून टाकील, त्याचा जीवनवृक्षातला वाटा देव काढून घेईल. ती ताकीदच काढून टाकलेली.

फादरांना दाखवणार का, विचारलं. “त्यांचा काय दोष? यादी रोमची,” मावशी म्हणाल्या आणि बोट वर सरकवून पंधरावी ओळ वाचू लागल्या. तीही गाळलेली. नगरीच्या बाहेर कोण कोण राहतील ते त्यात आहे: कुत्रे, जादूटोणा करणारे, खुनी, लबाड. मावशींनी चष्मा काढला. “बाकीच्यांचं मी काय सांगू. पण कुत्रे तेवढे ठेवायला हवे होते. आपल्या चर्चच्या दाराशी रोज बसलेले असतात बिचारे.”