ग्रँट डफच्या गावाला

ॲबर्डीनच्या तेलकंपन्यांत नोकरी करणाऱ्या मराठी जावयांना दर उन्हाळ्यात एकच घोर असतो: पुण्याहून आलेल्या सासऱ्यांना दाखवायचं काय? तशी सोय उत्तम आहे. आसपास तीनशेच्या घरात किल्ले आणि स्पे नदीच्या खोऱ्यात व्हिस्कीच्या भट्ट्या. किल्ले सासऱ्यांसाठी, भट्ट्याही सासऱ्यांसाठीच. फक्त हे सासूबाईंना आधी सांगायचं नसतं.

अडचण एवढीच, की सासरे सिंहगड चढून मोठे झालेले. क्रेगीव्हार हा 1626 साली पुरा झालेला सात मजली गुलाबी किल्ला पाहून ते विचारतात, "तटबंदी कुठाय? पाण्याची टाकी?" आणि तिकिटाचे पाउंड रुपयांत करून गप्प होतात.

डनॉटर मात्र पसंत पडतो. समुद्रात घुसलेला कडा, वर पडके वाडे. 1651-52 मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याने आठ महिने वेढा घातला, तो स्कॉटलंडच्या राजमुकुटासाठी. अखेर फौज आत शिरली, पण मुकुट, राजदंड, तलवार तिघंही पसार! किनेफ गावच्या पाद्र्याच्या बायकोने ती बाहेर काढली म्हणतात, आणि ती चर्चच्या फरशीखाली पुरली गेली, ती थेट 1660 पर्यंत. "त्याच वर्षी महाराज पन्हाळ्याहून निसटले," सासरे गाइडला ऐकवतात. गाइड अदबीने मान हलवतो.

बॅन्फला त्यांचा आवाज चढतो. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ इथे 1789 साली जन्मला. 1826 साली ग्रंथ छापून झाला, आणि कीर्तन्यांपासून पुढे कित्येक मराठी विद्वानांना त्याच्या चुका काढण्याचं काम मिळालं. त्याच गावातला डफ हाउस हा महाल त्याहून मजेशीर. विल्यम डफ या धनिकाने 1735 मध्ये विल्यम ॲडमकडून तो बांधायला घेतला, बिलावरून दोघं कोर्टात गेले, मालक हरला आणि तिथे राहायलाच गेला नाही. जवळून जाताना बग्गीचे पडदे ओढून घ्यायचा म्हणे. बिल्डरशी भांडलेल्या पुणेकराला हा माणूस लगेच आपला वाटतो.

बॅन्फचं एक घड्याळही बदनाम आहे. 1700 साली मॅकफर्सन नावाच्या फिडलवादक दरोडेखोराची माफी वाटेत असताना, ती पोचण्याआधी फाशी उरकावी म्हणून गावकऱ्यांनी काटे पुढे सरकवले, अशी दंतकथा. तेच घड्याळ आता डफटाउनच्या मनोऱ्यात आहे असं सांगतात. ते पाहायला म्हणून मंडळी डफटाउनला येतात आणि योगायोगाने समोर ग्लेनफिडिक निघते. विल्यम ग्रँटची ही भट्टी 1887 च्या नाताळच्या दिवशी पेटली. पिंपातली व्हिस्की दरवर्षी साधारण दोन टक्के उडून जाते, तो देवदूतांचा वाटा, असं गाइड सांगतो. "आणि आमच्या वाट्याला?" सासूबाई विचारतात. त्यांना सगळं आधीच कळलेलं असतं.

जायचं तर मे ते सप्टेंबरमध्ये जावं. हिवाळ्यात बरेच किल्ले बंद असतात. पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा 2014 पासून इंग्लंडपेक्षाही कडक आहे, म्हणून चालकाच्या वाट्याचा घोट बऱ्याच भट्ट्यांत छोट्या बाटलीत बांधून देतात. ती बाटली जावयाचीच, हे सासऱ्यांकडून निघण्यापूर्वी कबूल करून घ्यावं.